टाळ्यांखालचा बास

"हे खोकं पुन्हा बोंबललं!" अच्युत वैतागला. घरी प्लायवूड कापून बनवलेले स्पीकर जुन्या ॲम्प्लिफायरला पेलत नव्हते, म्हणून आज त्यानं चांगला दमदार ॲम्प्लिफायर जोडला होता. बास नुसता छातीत घुमत होता. पण बायकोच्या, वृंदाच्या, पहिल्या बैठकीची कॅसेट लावली आणि तबल्याच्याही खालून मधूनमधून, आजवर कधी ऐकू न आलेला, 'धप्' असा आवाज येऊ लागला.

त्यानं स्क्रू आवळले, आत गादीचा कापूस कोंबला. दुसऱ्या कॅसेटला बास एकदम स्वच्छ. वृंदाची लावली की धप् हजर.

"अगं, तुझ्या बैठकीत कोण काय आपटत होतं?"

वृंदा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. ऐकता ऐकता तिची बोटं मात्रा मोजू लागली. "अहो, हे बरोबर समेवर पडतंय. दर वेळी." आणि तिनं स्पीकरला कान लावला.

माडीवरच्या त्या बैठकीला तिचे वडील, अप्पा, बसलेच नव्हते. "असली थेरं मला ऐकायची नाहीत," म्हणत काठी आपटत लाकडी जिन्यानं निघून गेले होते. पुढे मरेपर्यंत त्यांनी तिच्या गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"जिन्यातच बसले होते," ती म्हणाली.

भैरवी संपली. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांखालून काठी घाईघाईनं पायऱ्या उतरत गेली.