मुका पंखा

कॉम्प्युटरच्या नव्या प्रोसेसरसाठी दुकानदाराने मोठ्या पंख्याचा दणकट कूलर पुढे केला होता. “ताई, हा बोंबलेल, पण प्रोसेसर तापू देणार नाही.” तिने मात्र पंख्यांना कान लावून लावून सगळ्यात मुका निवडला. कारण कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत होता, आणि ते दवाखान्यातून आल्यापासून तिचा जीव त्यांच्या श्वासाला टांगलेला असायचा. आज ॲनिमेशनचं काम लावताच प्रोसेसर तापला आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. “मोठा पंखा आण,” बाबा पलंगावरून म्हणाले. “त्याच्या आवाजात तुम्हाला झोप यायची नाही,” ती म्हणाली. “झोप तू उडवलीस, पोरी. चोरासारखी माझा श्वास ऐकत बसतेस, मग मीही तोच ऐकत पडतो.” संध्याकाळी मोठा पंखा घोंघावू लागला. ती सारखी वळून बघत होती, मग हळूहळू कामात बुडाली. बाबा खुशाल घोरू लागले, तेही तिला ऐकू आलं नाही.