दोन्ही बाह्या डाव्या

कॉलर.

बटणवाल्याच्या तोंडात निळं बटण होतं. या गालातून त्या गालात, गोळीसारखं फिरवत तो कारखान्याच्या मालकाला सांगत होता, "मास्तरांना मी आजचं ओळखत नाही, साहेब. यांनी कात्री उचलली की कापड आपणहून वाट देतं."

कटिंग मास्तर समोर उभा. बटणवाल्याशी त्याची ओळख म्हणजे जुन्या कारखान्याच्या जिन्यावर येता-जाता मान हलवण्यापुरती. काल तो रस्त्यात दिसला तेव्हा मास्तरने सहज म्हणून कामाचं विचारलं होतं. सहज कसलं. घरी बसून बायकोची नजर चुकवायचा कंटाळा आला होता.

"आधीच्या कारखान्यातलं काम का सुटलं?" मालकाने विचारलं.

मास्तरने तोंड उघडलं.

"तिथल्या मालकाशी पटलं नाही," बटणवाला म्हणाला. "कलाकार माणूस हो. डोक्यात गेलं की गेलं."

पाठ.

मालकाच्या खुर्चीमागे मास्तरचा मेहुणा, इथला सुपरवायझर. त्याला सगळं ठाऊक होतं. जुन्या कारखान्यात कापड आखताना मास्तरकडून दुसऱ्या बाहीसाठी पुठ्ठा उलटा करून ठेवायचा राहिला होता. अख्ख्या लॉटच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मास्तरला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं.

मालक मागे वळला. "तुमचे नातेवाईक ना हे? तुम्ही काय म्हणता?"

मेहुण्याने टेबलावरच्या पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा उगाच सारखा केला. "मी काय बोलणार, साहेब. घरचाच माणूस."

बटणवाल्याने बटण जिभेवर घेतलं, दोन बोटांनी बाहेर काढलं. लाळेचा धागा ताणला गेला, तुटेना.

"शब्द माझा," तो म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

मालक हसला. "या उद्यापासून."

बाही, डावी.

जिन्यावर मेहुण्याने गाठलं. "सुटलो बाबा! दाजी, ताईला फोन लावू?"

"एक शब्द चांगला बोलला असतास तर जीभ झडली असती का रे तुझी?"

"वाईट बोललो का? तेवढं तरी बघा." मेहुण्याने आवाज उतरवला. "बटणवाल्याचं सोपं आहे, दाजी. त्याला तुम्ही कुठे माहीत आहात?"

मास्तरला वाटलं, मेहुणा खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

बाही, डावी.

"अहो, थांबा की!" बटणवाला धापा टाकत उतरला. मास्तरचा हात धरून त्याने मघाचं बटण तळहातावर टेकवलं. कोमट. ओलं. बोटंही त्यानेच एकेक करून मिटवली.

"आता इथल्या शर्टांना बटणं आपलीच लागली पाहिजेत हं, मास्तर. उद्या साहेब तुम्हालाच विचारतील. सांगायचं, माल वर्षानुवर्षं पाहिलाय. धुवा, उकळा, रंग सुटत नाही. मी तर दिवसभर चघळत असतो!"

तो आपल्याच विनोदावर मोठ्याने हसला. आ वासून.

जीभ मुळापर्यंत निळी होती.

मेहुण्यानेही ती पाहिली. मग तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

मास्तरच्या मुठीत बटण चिकटलं होतं. मूठ न उघडता त्याने बटणवाल्याकडे पाहिलं.

"शब्द माझा," तो म्हणाला.