शनिवारची रिंग

"मला त्यातलं काय कळणार रे? तुम्ही दोघं जा, मी घरी बसते," आई म्हणाली आणि पोहे वाढायला लागली.

शार्दूलने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. लंडनमधल्या त्याच्या हॅरोहून सरळ ट्रेन, आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर ब्लेचली पार्क. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उकलणारी माणसं जिथे बसत, ती जागा. मंगळवारी आईचं नागपूरला परतायचं विमान होतं, त्यामुळे हा शनिवारच काय तो हाती होता. पण खरं सांगायचं तर ही सहल मुरलीधरकाकांसाठी होती, आणि काका समोरच बसून पोह्यांवर लिंबू पिळत होते.

काका ना नात्याचे ना गोत्याचे. तेरा वर्षांपूर्वी शार्दूल इथे आला आणि चौथ्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. व्हिसा त्या नोकरीवरच टांगलेला. बाबा नुकतेच हार्ट अटॅकमधून उठले होते, त्यामुळे घरी सांगायची छाती झाली नाही. दोन आठवडे तो ब्रेड खात खोलीत पडून होता. अशात एका संध्याकाळी दारात हा अनोळखी माणूस उभा, हातात चिवड्याचा डबा. "इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या यादीत तुझं नाव दिसलं, म्हटलं भेटून यावं." त्यांनी त्याला घरी नेलं, चार ठिकाणी शब्द टाकला, नवी नोकरी लागेपर्यंत पोटच्या पोरासारखं सांभाळलं. देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही, असं शार्दूल तेव्हापासून येईल त्याला सांगत असे. काकांचे आभार मात्र कधी धड मानलेच नव्हते. ते या शनिवारी मानायचे होते.

"आई, ऐक तरी. शत्रूचं संदेश लपवायचं मशीन भारी होतं गं, पण माणसं शेवटी सवयीची गुलाम. रोज ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत हवामान कळवायची. त्या सवयीवरून ब्लेचलीवाल्यांनी कोड ब्रेक केला. आणि तिथे काम करणाऱ्यांनी तीस-तीस वर्षं नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही!"

काकांना हसू आवरेना. "मी तेरा वर्षं दम धरलाय. अरुणाताई, आता सांगू का?"

"तुम्ही पोहे खा बरं," आई म्हणाली.

पण काका कसले थांबतात! "कसली यादी रे, शार्दूल? तुझ्या आईनं माझ्या बहिणीकडून माझा नंबर काढला. म्हणाल्या, पोराची नोकरी गेलीय, तो सांगायचा नाही. तुम्ही सहज गेल्यासारखे जा, माझं नाव काढू नका."

शार्दूलने चमचा खाली ठेवला. त्याने तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या काळात तो रोज ऑफिसला पोचल्यावर, सुट्टीच्या दिवशी उठल्यावर, आईला एक मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे. नोकरी गेल्यावरही त्याने ती एकही दिवस चुकवली नव्हती.

"तुला कसं कळलं?"

"शनिवार-रविवारी तू उशिरा उठायचास. एरवी रिंग नागपुरात दुपारी दोन-अडीचला यायची, त्या दोन दिवशी चारनंतर. मग ती सोमवारीही चारनंतरच यायला लागली. मंगळवारीही." आईने त्याच्या बशीत आणखी पोहे घातले. "त्यात काय कळायचंय?"

इतकी वर्षं त्याने देवाचे आभार मानले, नशिबाचे मानले. जिचे मानायचे तिच्यासाठी ही सहल नव्हतीच. त्याने खिशातून फोन काढला.

टेबलावरचा आईचा फोन एकदा वाजला आणि थांबला. आईने तो उचलला नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ही खरी दिसते," ती म्हणाली.