कललेलं नाव

“एवढं एकच नाव कावून कललंय रे?” दगडाबाईने पत्रिकेच्या कच्च्या कागदावर बोट ठेवून विचारलं.

सासूला अक्षरओळख नाही, या एकाच भरवशावर मंगलने काल पत्रिका छापणाऱ्या प्रविणला फोन करून सांगितलं होतं, की वधूपित्याच्या नावाआधी ‘कै.’ लाव. आज सासू म्हणाली, नातीची पत्रिका बघायला मीबी येते. तेव्हाही मंगल घाबरली नव्हती. बघून बघून म्हातारी काय बघणार, तर वरचा गणपती.

मंगलचा नवरा रामहरी सहा वर्षांपूर्वी टोळीबरोबर ऊस तोडायला गेला आणि फडावरून कुठे निघून गेला ते कुणालाच कळलं नाही. दगडाबाई म्हणायची, येईल. मंगलने चकलांब्याच्या होणाऱ्या सोयऱ्यांना सांगितलं होतं, वारला. वारलेल्याची मुलगी लोक करून घेतात, निघून गेलेल्याच्या मुलीला दहा प्रश्न विचारतात. तिच्या दिपालीची आधीची दोन स्थळं त्या प्रश्नांनीच मोडली होती. आणि आता दुकानाच्या दारात नवरदेवाचा चुलता बंकट फोनवर बोलत उभा होता.

“आजी, ते बोल्ड इटालिक हाय,” प्रविण म्हणाला. “जाड आन तिरकं. मान द्यायचा आसला की लावतो आमी.”

“मग नवरदेवाला मान न्हाई व्हय?”

प्रविण उगाच माऊस हलवत बसला. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव या टायपात घ्यायचं, ही त्याच्या बापाच्या छापखान्याची रीत. छपाईचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला तरी प्रविणने ती सोडली नव्हती. मंगलला हे कुठून ठाऊक असणार? न सांगता नाव तिरकं केलं म्हणून तिला आधी त्याचा राग आला आणि मग, मुळात खोटं सांगितलं म्हणून, स्वतःचा.

दगडाबाईने कागद डोळ्यांजवळ धरला.

“रामहरीच्या लग्नात ह्यांचं नाव आसंच कललं हुतं,” ती म्हणाली. “तुझ्या बापानंच छापली हुती पत्रिका. मी ट्रंकेत ठिवलीय. ह्ये आदल्या उन्हाळ्यात वारलते.”

मंगलने सासूचा हात धरला. म्हातारीने तो सोडवून घेतला नाही आणि मंगलचा हात दाबलाही नाही.

तेवढ्यात बंकट फोन खिशात घालत आत आला. “झालं का बघून? काई चुकलं आसंल तर आत्ताच सांगा आजी. छापल्यावर बोंब नको.”

म्हातारीच्या एका शब्दावर दिपालीचं लग्न अडकलं होतं, आणि तिला गप्प बसा म्हणायचं तोंड मंगलला नव्हतं.

“चुकलं काई न्हाई,” दगडाबाई म्हणाली. मग प्रविणकडे वळून तिने त्या नावावरून सावकाश बोट फिरवलं. “नावाच्या आदूगरची ती बारकी अक्षरं राहू दे. वाचणारे वाचतेल. नाव तेवढं सरळ उभं कर, लेकरा. मला वाचता येत न्हाई, मला नुसतं दिसतं.”