राक्षसापुढचा पदर

केळीच्या वाळक्या पानांचा राक्षस लीलाधर आबांनी सकाळीच अंगणात उन्हाला टाकला होता. मूळची पानं कधीच भुगा होऊन गेली होती. उरला होता गोणपाटाचा झगा, तोही उंदरांनी चाखलेला. आबांनी त्याला ठिगळं लावली, ज्याच्या मळ्यात कामाला जात त्या मालकाच्या केळीतून पानं आणली आणि दाभण घेऊन ती एकेक करून टाचली. हे काम पूर्वी त्यांच्या बायकोचं, मंजुळाबाईंचं होतं. त्या गेल्यापासून घरात दाभणाला कोणी हात लावला नव्हता.

शेजारच्या बेबाबाईंनी कुंपणावरून विचारलं, की या वयात आता कोणाला भेव दाखवणार? आबा नुसते हसले. धुळ्याहून सिनेमावाला यायचा होता. फोनवर तो म्हणाला होता, "तुमच्या राक्षसावर नवीन पिक्चर करतोय, भेटायला येतो." जुन्या पिक्चरमध्ये राक्षस आबाच झाले होते. आता आपल्या राक्षसावर म्हटल्यावर आत आपणच, यात विचारायचं काय! आबांनी दाढीसुद्धा करून घेतली होती.

हितेंद्र दुपारी मोटरसायकलवर आला. धुळ्यातल्या देवपुरात राहणारा, तिशीतला, बोलायला गोड. लहानपणी दोंडाईच्याला मामाकडे त्याने तो जुना अहिराणी पिक्चर पाहिला होता आणि रात्री मामीला बिलगून झोपला होता. हे ऐकून आबांना फार बरं वाटलं. त्यांनी चहा ठेवला. कप दोनच होते, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. तो त्यांनी स्वतःकडे घेतला.

चहा पिता पिता हितेंद्रने सगळं सांगितलं. नव्या पिक्चरमध्ये जुन्यातलं काहीच नव्हतं. गाव वेगळं, माणसं वेगळी. जुन्यात राक्षस शेवटी विहिरीत बुडतो, तेही घडलंच नाही असं धरायचं. आबा मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष उन्हातल्या झग्याकडे होतं.

"एक धागा मात्र ठेवलाय, आबा," हितेंद्र म्हणाला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

आबांनी डोळे बारीक केले. जुन्या पिक्चरचा तुकडा होता. चोपड्याच्या शिवारातली पायवाट. कॅमेऱ्याकडे पाठ करून राक्षस उभा, पानं सळसळतायत. समोरून कमरेवर हंडा घेऊन एक बाई येते. ठरलं होतं असं, की तिने किंचाळायचं, हंडा टाकायचा आणि पळत सुटायचं. ती थांबते. राक्षसाकडे बघते, मोकळ्या हाताने डोक्यावर पदर घेते आणि वाट सोडून बांधाला उभी राहते.

ती मंजुळाबाई होती. ठरलेली नटी आलीच नाही म्हणून ऐनवेळी तिला उभं केलं होतं. राक्षसाच्या आत आबा होते, आणि नवरा चारचौघांत समोर आला, की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. लग्नाच्या शूटिंगचा भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा, त्यामुळे ते तसंच राहिलं. पिक्चर लागला तेव्हा अख्खं गाव हसलं. आबा घरी येऊन तिच्यावर चिडले, तर ती चुलीपुढून शांतपणे म्हणाली, "राक्षसना मझार तुम्हीच व्हतात ना."

तिचं हलतं चित्र जगात एवढंच होतं. आबांकडची सीडी चालेनाशी होऊनही वर्षं लोटली होती. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते, ते त्यांना दिसले नाहीत.

"हे लोकांच्या अजून लक्षात आहे," हितेंद्र म्हणाला. "राक्षसापुढे पदर! काय डोकं लावलं होतं तुमच्या डायरेक्टरने. आपली हिरोईनपण तसाच पदर घेणार. भूमिका नाव तिचं, आमच्या देवपूरचीच. जुन्या पिक्चरशी आपलं नातं एवढंच, पण पब्लिक शिट्ट्या मारेल."

आबांचा चेहरा उजळला. म्हणजे मंजुळा पुन्हा त्या पायवाटेने येणार होती. ते उठले, अंगणात गेले, झग्याची पानं उगाच एकदा झटकली आणि तिथूनच त्यांनी विचारलं, की शूटिंग कधी. अंग जड झालंय, पण उभं राहायला काही अडचण नाही.

हितेंद्रला तेव्हा कुठे झग्याचा उलगडा झाला. तो ओशाळला. राक्षस कॉम्प्युटरवर होणार होता, मुंबईची पोरं करणार होती. शूटिंगला त्याच्या जागी एक उंच बांबू रोवायचा, वर लाल चिंधी, आणि हिरोईनने चिंधीकडे बघायचं. हे सगळं त्याने जमेल तितकं हळू सांगितलं.

"मंग मझार कोण राही?" आबांनी विचारलं.

"आत कोणीच नसतं, आबा."

"मंग ती पदर कोनासाठे लेई?"

"पब्लिकसाठी," हितेंद्र म्हणाला. आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं त्याला कळलं, काय ते कळलं नाही. कपातला चहा संपला होता, तरी त्याने तो पुन्हा तोंडाला लावला.

उन्हात तापलेली पानं आपोआप तडतडत होती. आबा वळून दोरीपाशी गेले. तिच्यावर त्यांचा एकुलता एक बरा सदरा वाळत होता, आज घालायचा म्हणून पहाटेच धुतलेला, बाह्यांशी अजून ओलसर. त्यांनी तो काढला, छातीशी धरून नीट घडी घातली आणि हितेंद्रच्या हातात दिला.

"हाऊ त्या बांबूले घाली दे, भाऊ," ते म्हणाले. "आन त्या हिरोईन पोरले सांगजो, मझार माणूस शे."