माजघराच्या दारातले ठिपके

अलिबागच्या वाडीत झालेल्या आपल्या लग्नाचे फोटो क्षिप्रा ‘गिम्प’ या फुकटच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच सुधारत होती. अंतरपाट दूर झाल्याच्या फोटोत मागे माजघराच्या काळोख्या दारात तांबूस ठिपके होते. कॅमेऱ्याचा दोष समजून तिने चार-पाच पुसून टाकले, मग थबकली. हे नेमके दारातच कुठून आले? तिने तेवढाच काळोख हळूहळू उजळत नेला. ठिपक्यांच्या अक्षता झाल्या, अक्षतांमागे उंचावलेला हात आला, आणि हातामागे आनंदीआत्या! क्षिप्राला तिनेच लहानाचं मोठं केलं, पण ‘विधवेची सावली नको’ म्हणत मांडवात पाऊल टाकलं नव्हतं. “आत्या, तू तर तेव्हा स्वयंपाकघरात मोदक वळत होतीस ना?” शेजारी वाल सोलत बसलेली आत्या चोरी पकडल्यासारखी लाजली. क्षिप्राने पुसलेल्या अक्षता परत आणल्या. आत्या चष्मा सावरत वाकली. “अजून थोडा उजेड कर की गं.”