दाढेखालचा दाणा

"ओली आहे," म्हणत मन्मथअप्पांनी तुरीचा दाणा थुंकला. वाळलेला दाणा त्यांच्या दाढेखाली कट्‌ वाजल्याशिवाय बाजार समितीत व्यापारी पोत्याला हात लावत नसत.

"आठ दिस उन्हात वाळवलीय, अप्पा. परत चावून बघा," माल घेऊन आलेल्या शेवंताबाई हटून बसल्या.

अप्पांनी दुसरा दाणा चावला. तो नुसताच घरंगळला. समोरचे दात टेकत होते, दाढा मात्र भिडतच नव्हत्या. अप्पांनी गालावरून जबडा चाचपला.

झोपेत श्वास अडकू नये म्हणून ते रात्री खालचा जबडा पुढे धरणारं यंत्र घालत. सकाळी तो जबडा मागे यावा म्हणून चावायची पट्टी दातांच्या डॉक्टरांनी, "चुकवाल तर दात कायमचे सरकतील," असं बजावून दिली होती. बाजाराच्या घाईत अप्पांनी ती आठवडाभर चुकवली होती.

खिशातली पट्टी काढून ते पोत्यावर बसले आणि चावत राहिले. सौद्याची घंटा वाजली, तरी उठले नाहीत. वीस मिनिटांनी तिसरा दाणा तोंडात टाकला.

कट्‌!

"आता बोला की!" शेवंताबाई म्हणाल्या.

अप्पा बोटांवर मोजू लागले. आठवडाभरात 'ओली' म्हणून त्यांनी किती जणांची तूर माघारी धाडली होती!